पावसात धुतलेली हवा आणि लाल झालेला डबा

जुलैतली रात्र. म्हापशात सकाळपासून पाऊस धरलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, समोरच्या आंब्याचं पान न् पान धुऊन निघालेलं. आणि आमच्या हॉलमधल्या शेल्फावर हवा मोजणारा डबा लाल दिवा लावून बसलेला. पीएम २.५, म्हणजे हवेतली बारीक धूळ : ६२. उन्हाळ्यात शेजारी पाचोळा जाळतात, त्या संध्याकाळीसुद्धा हा आकडा कधीकधी इतका चढत नाही. आईने चष्म्यावरून डब्याकडे बघितलं आणि निदान केलं, "ह्याला सर्दी झालीय."

तिचं निदान जवळपास बरोबर होतं, हे कळायला मला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत वाचलं, ताडून बघितलं, घरच्यांना छळलं, त्याचं हे सार. गोव्यात राहणाऱ्या आणि असा डबा घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्यांसाठी.

सगळ्यात आधी एक गोष्ट. 'हवेचा सेन्सर' अशी एकच वस्तू नसते. त्या पांढऱ्या डब्यात तीन, चार, कधी पाच वेगवेगळे सेन्सर शेजारी शेजारी बसवलेले असतात. धुळीचा वेगळा, कार्बन डायऑक्साइडचा वेगळा, वासाच्या वायूंचा वेगळा, तापमान आणि आर्द्रतेचा वेगळा. प्रत्येकाची मोजायची रीत निराळी आणि चुकायची रीतही निराळी. पडद्यावर मात्र सगळे एकाच तोऱ्यात आकडे दाखवतात.

धुळीचा सेन्सर समजायला कौलारू घर आठवा. कौलांत मध्येच एक काचेचं कौल बसवलेलं असतं, त्यातून दुपारी उन्हाचा कवडसा खाली उतरतो आणि त्यात धुळीचे कण नाचताना दिसतात. कवडशाबाहेरही तितकेच कण असतात, फक्त दिसत नाहीत. डब्यातला सेन्सर म्हणजे पेटीत कोंडलेला कवडसा. उन्हाऐवजी लेसरचा किरण, डोळ्याऐवजी प्रकाश टिपणारा डायोड आणि हवा आत ओढायला नखाएवढा पंखा. कण किरणातून गेला की चमकतो. चमका किती आणि केवढ्या, यावरून आतली चिप कणांची संख्या आणि आकार ठरवते. मग कणांची घनता अमुक असेल असं गृहीत धरून वजनाचा अंदाज काढते. पडद्यावरचा 'मायक्रोग्रॅम दर घनमीटर' हा आकडा कोणी तोलून काढलेला नसतो, अंदाजलेला असतो. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. इतके बारीक कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर जातात, म्हणून त्यांची एवढी चर्चा.

आता सर्दीकडे येऊ. पावसाळ्यात मिठाची बरणी काय करते? पाझरते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळायला लागतं. गोव्याच्या किनारपट्टीवरच्या हवेत समुद्राने उडवलेल्या मिठाचे बारीक कण असतातच. जुलैत आर्द्रता नव्वदीच्या घरात गेली की तेही बरणीतल्या मिठासारखे पाणी पितात, व्यासाने दुपटीच्या आसपास फुगतात, आणि फुगलेला कण लेसरमध्ये कितीतरी जास्त चमकतो. सेन्सरला मीठ किती आणि पाणी किती हे कळायचा मार्गच नसतो. तो सगळ्याला धूळ म्हणतो. धूरकणांचंही कमीअधिक तेच होतं. सरकारी मोजणी केंद्रांवरच्या यंत्रांत हवा आधी तापवून कोरडी करतात, मग धूळ एका फितीवर साठवतात आणि तिने बीटा किरण किती अडवले यावरून वजन काढतात. आपल्या डब्याला ही चैन परवडत नाही.

मी त्या रात्री एसी 'ड्राय'वर लावला. तासाभरात आर्द्रता ९३ वरून ६० वर आली आणि पीएम १९ वर. थोडी धूळ एसीच्या जाळीनेही धरली असेल, पण एवढी नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशा स्वस्त सेन्सरसाठी एक दुरुस्तीचं सूत्र काढलं आहे. ढोबळमानाने आकडा निम्मा करायचा, आर्द्रतेचा थोडा हिस्सा वजा करायचा, पावणेसहाच्या आसपास मिळवायचे. माझ्या ६२ चे त्यात ३० होतात. ते सूत्र तिकडच्या हवेवर बेतलेलं आहे, म्हापशाच्या जुलैवर नाही, त्यामुळे त्या ३० वरही मी पैज लावणार नाही. पण तेव्हापासून सवय लागली की आर्द्रता ८० च्या वर असेल तर धुळीचा आकडा कानाआड करायचा.

ह्याच कवडशाची उलटी खोडही आहे, आणि ती गोव्यात जास्त महत्त्वाची. जाड धूळ त्याला नीट दिसत नाही. पडद्यावर 'पीएम १०' (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) असं लिहिलेलं असतं खरं, पण तो आकडा बराचसा बारीक कणांवरून ताणून काढलेला असतो. जड कण एकतर त्या चिमुकल्या पंख्याने ओढलेच जात नाहीत, नाहीतर किरणापर्यंत पोचायच्या आधीच खाली बसतात. म्हणजे मुरगाव बंदराजवळ राहणाऱ्याच्या खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवलं तर कोळशाची काळी रेघ उठते, खनिजाच्या रस्त्यालगतच्या घरांत तुळशीवर लाल थर बसतो, आणि डबा मात्र हिरवा दिवा दाखवून 'छान आहे' म्हणतो. अशा ठिकाणी डब्यापेक्षा ओलं फडकं जास्त खरं सांगतं.

आता कार्बन डायऑक्साइड. माझ्या मते घरात घेण्यासारखा सेन्सर कुठला असेल तर हा, कारण तो सांगतो ते नाकाला कधीच कळत नाही. विशिष्ट तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश हा वायू शोषून घेतो. सेन्सरमध्ये एका टोकाला तसा प्रकाश, दुसऱ्या टोकाला टिपणारा. मधे जितका वायू जास्त तितका प्रकाश कमी पोचतो. हा गुण जॉन टिंडल या आयरिश शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये प्रयोग करून दाखवला होता. गंमत म्हणजे धुळीचा कवडसाही त्यानेच पुढे बारकाईने अभ्यासला. आपल्या डब्यातले दोन मुख्य सेन्सर असे एकाच माणसाच्या कामावर उभे आहेत.

बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ४२५ पीपीएम असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२५ भाग. घरात तो वाढतो तो मुख्यतः आपल्या उच्छ्वासाने. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये म्हटलं की खोलीत १००० पीपीएमच्या वर गेलं तर तिथली हवा पुरेशी बदलत नाही असं समजावं. आजही साधारण तोच आकडा वापरतात. वायू म्हणून १००० किंवा २००० पीपीएम काही विषारी नव्हे. कारखान्यांत आठ तासांसाठी ५००० पर्यंत चालतो असं धरतात. पण आकडा चढतो याचा अर्थ खोलीतली हवा पुन्हा पुन्हा तुमच्या आणि इतरांच्या फुप्फुसांतून फिरते आहे. घरात कोणाला सर्दी-खोकला असेल तर त्याचा अर्थ आणखी स्पष्ट होतो.

बेडरूमचा हिशेब कागदावर करून बघा. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट: बाराशे घनफूट, म्हणजे अंदाजे ३४ हजार लिटर हवा. झोपलेला मोठा माणूस तासाला साधारण १२ ते १३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघांचा २५ लिटर. २५ भागिले ३४ हजार, म्हणजे दर तासाला सातशेहून जास्त पीपीएमची भर. खोली अगदी हवाबंद असती तर सकाळी सहा हजार झाले असते. दाराखालची फट आणि स्लायडिंगच्या खाचा हवा गळू देतात म्हणून प्रकरण दोन-तीन हजारांवर थांबतं. आमच्याकडे पहाटे पाचला २३०० दिसले. "एसी चालू होता की रात्रभर," असं बायको म्हणाली, आणि हाच गैरसमज सगळ्यांचा असतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. खोलीतलीच हवा थंड करून परत खोलीत सोडतो. भिंतीबाहेर जाणाऱ्या नळीतून गॅस फिरतो, हवा नाही.

मग खिडकी उघडावी? इथेच गोव्याचा पावसाळा आडवा येतो. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या जरा वर असतो, म्हणजे तेवढ्यापर्यंत थंड झाली की ती पाणी सोडायला लागते. तुमची खोली एसीने २४ वर आणलेली. खिडकी उघडली की थंड गोळीसोड्याच्या बाटलीला सुटतो तसा घाम भिंतींना सुटतो. काचेवरचा दिसतो, कपाटामागच्या भिंतीवरचा दिसत नाही, आणि पंधरा दिवसांनी तिथून बुरशीचा वास यायला लागतो. एका आकड्याचं ऐकून दुसरं दुखणं विकत घ्यायचं, असा हा प्रकार. आम्ही शेवटी बेडरूमचं दार हॉलकडे उघडं ठेवायला लागलो. एसीचं बिल थोडं वाढलं, पण हॉलची मोठी हवा मिसळत राहते आणि पहाटेचा आकडा अकराशेच्या आसपास थांबतो. संध्याकाळी एसी लावायच्या आधी वीस मिनिटं सगळ्या खिडक्या सताड. ऑक्टोबर उजाडला की हा घोळ आपोआप सुटतो.

डबा विकत घेताना मात्र फसू नका. बऱ्याच स्वस्त डब्यांत कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर नसतोच. वासाच्या वायूंवरून माणसं किती असतील याचा तर्क करून आकडा छापतात. खोक्यावर 'एनडीआयआर' किंवा 'फोटोअकूस्टिक' (दोन्ही अवरक्त प्रकाशाने मोजायच्या रीती) लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर गोव्यातली परीक्षा सोपी आहे: डब्याशेजारी पेलाभर फेणी ठेवा. कार्बन डायऑक्साइडचा आकडा झरझर चढला तर सेन्सर नकली. खरा सेन्सर फेणीला भुलत नाही. (पेल्याचं पुढे काय करायचं ते तुम्ही बघा.) खऱ्यालाही अधूनमधून बाहेरची हवा दाखवावी लागते. तो आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं धरून स्वतःला दुरुस्त करत असतो. सदा बंद फ्लॅटमध्ये सगळ्यात कमीच ६०० असेल, तर तो ६०० ला ४०० म्हणायला शिकतो. महिन्यातून एकदा वीस मिनिटं गॅलरीत ठेवला, पावसाचे शिंतोडे चुकवून, की झालं.

वासाच्या वायूंचा सेन्सर, ज्यावर 'टीव्हीओसी' लिहिलेलं असतं, त्याच्यावर मी फार वेळ घालवणार नाही. तापवलेल्या धातूच्या ऑक्साइडची विद्युतरोधकता असे वायू लागले की बदलते. नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये जपानमध्ये यावरून गॅसगळतीचा सेन्सर बनवला, आणि आजचे सेन्सर त्याचीच नातवंडं. त्याला फिनेल, अत्तर, नवा रंग, कांद्याची फोडणी, पिकलेला फणस सगळं एकच. काही डब्यांवर तर आकडा १०० म्हणजे 'गेल्या चोवीस तासांतली तुमच्याच घराची सरासरी' एवढाच अर्थ असतो. लाईट गेली की त्याची स्मृती जाते आणि पुन्हा स्थिरावायला कित्येक तास लागतात. आपल्याकडे जूनमध्ये लाईट किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको.

रंगांचंही तसंच सावधपणे घ्या. समजा पीएम २.५ खरोखर ४० आहे. भारतीय एक्यूआयच्या (हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाच्या) तक्त्यात तो ६७ च्या आसपास येतो, 'समाधानकारक'. अमेरिकेच्या २०२४ नंतरच्या तक्त्यात तीच हवा ११२ च्या आसपास, 'नाजूक प्रकृतीच्या लोकांना घातक'. ॲप कुठल्या देशाचा तक्ता वापरतं ते सेटिंगमध्ये दडलेलं असतं. शिवाय दोन्ही तक्ते चोवीस तासांच्या सरासरीसाठी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही चोवीस तासांची मर्यादा १५ सांगितली, भारताची ६० आहे. बांगडे तळताना दहा मिनिटं आकडा ४८० झाला म्हणून एक्यूआय बघून घाबरण्यात अर्थ नाही. तसंच 'दहाच मिनिटं' म्हणून सोडून देण्यातही नाही.

बांगड्यांवरच मला डब्याचा खरा उपयोग कळला. एका रविवारी खिडकी बंद ठेवून तळले, आकडा ४८० वर गेला आणि निम्म्यावर यायला पन्नास मिनिटं लागली. पुढच्या रविवारी तवा तापायच्या आधीच एक्झॉस्ट लावला, समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली. आकडा १३० च्या वर गेला नाही आणि अकरा मिनिटांत अर्धा झाला. सेन्सर दीडपटीने जास्त दाखवत असेल तर दोन्ही दिवशी दीडपटच दाखवणार. पन्नास मिनिटं आणि अकरा मिनिटं यांतला फरक त्याने बिघडत नाही. आकडा किती चढला आणि किती वेळात उतरला, एवढंच मी आता बघतो.

हे आधी कळलं असतं तर एक फजिती टळली असती. 'स्मार्ट' म्हणून मी एक्झॉस्टच्या पंख्याला वायफायचा प्लग लावला आणि नियम घातला: पीएम २.५ चा आकडा ५० च्या वर गेला की पंखा चालू. जुलै आला, मिठाचे कण फुगले, आकडा ५० वर गेला आणि पंखा रात्रभर भरभरत राहिला. आतली हवा बाहेर फेकली जात होती आणि तिच्या जागी बाहेरची ओली हवा खिडक्यांच्या फटींतून घरात येत होती. ओलीमुळे आकडा आणखी वर, म्हणून पंखा चालूच. सकाळी चपलांवर पांढरी बुरशी. आता नियम बदलला आहे: पाच मिनिटांत आकडा ३० ने उडाला तरच पंखा चालू, आणि अर्ध्या तासाने बंद. आर्द्रता अशी झपकन उडी मारत नाही, तळण मारतं.

आणखी एक, जाता जाता. कार्बन डायऑक्साइडचा आलेख घरात माणसं कधी असतात आणि कधी नसतात हे मिनिटवार सांगतो. तो आलेख कंपनीच्या सर्व्हरवर जात असेल तर निदान पासवर्ड तरी '१२३४५६' ठेवू नका.

मच्छरच्या कॉइलशेजारी डबा ठेवला तर तो ९९९ वर जाऊन थांबतो, पुढचे आकडे त्याच्याकडे नाहीत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. प्लगमध्ये लावायच्या द्रव औषधाने धुळीचा आकडा फारसा हलत नाही. ते औषध हवेत नाही असा मात्र त्याचा अर्थ नव्हे, कवडशाला ते दिसत नाही इतकंच.

न दिसणाऱ्यांत सगळ्यात घातक कार्बन मोनॉक्साइड. नावात 'डाय'ऐवजी 'मोनो', एवढ्याने लोक गोंधळतात. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालला आणि ज्वालेला हवा अपुरी पडली की हा तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो माणूस मारतो. हवेच्या गुणवत्तेचे नेहमीचे घरगुती डबे बहुतेक वेळा तो मोजत नाहीत. त्याचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो, आणि त्यातला सेन्सर काही वर्षांनी संपतो, तारीख मागे छापलेली असते. गीझर न्हाणीच्या बाहेर बसवणं हे कुठल्याही अलार्मपेक्षा बरं. सिलिंडरच्या गळतीचा अलार्म आणखी निराळा, आणि तो जमिनीलगत लावायचा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो. दुकानदाराने आमच्या शेजाऱ्यांकडे तो छताजवळ लावून दिला होता.

चवथीला डबा डिचोलीला आत्याकडे नेला. चिऱ्यांचं जुनं घर, मधे राजांगण, वर कौलं. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली तीसेक माणसं घुमट वाजवत आरती म्हणत होती आणि कार्बन डायऑक्साइड ६४० च्या वर जाईना. कौलांच्या फटींतून सगळी हवा वर निघून जात होती. धुळीचा आकडा मात्र तीनशेच्या पलीकडे, आर्द्रता वजा जाता दोनशे म्हणा. मी धुपाकडे आणि उदबत्त्यांकडे संशयाने बघत होतो, पण आरती संपून धूप विझला तरी आकडा उतरेना. डबा हातात घेऊन घरभर फिरलो. मागच्या न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली नारळाची ओली सोडणं धुमसत होती आणि वारा तो धूर पडवीतून थेट माजघरात आणत होता.

"किती म्हणतो तुझा डबा?" आत्याने विचारलं. मी आकडा सांगितला. तिने दोन ओली सोडणं चिमट्याने ओढून बाहेर पागोळ्यांखाली टाकली, सुक्या झावळीची जुडी आत सारली, आणि माजघराचं मागचं दार लोटून घेतलं. सतरा मिनिटांत आकडा निम्मा झाला.